नांदगावला थांबणारी गाडी

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आमच्या शेजारचे परबकाका डोक्यावर काळी टोपी ठेवत आणि पलंगावर पडून असलेल्या काकींना विचारत, "सामान घेतलस मा? चला, गाडी सुटता." काकी उशाजवळची पिशवी कुशीत ओढून घेत. तिच्यात औषधं, रुमाल आणि चष्मा एवढंच असे. पण पिशवी घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा दोघांचा नियम होता. मग काकींच्या पायांपासून एक छोटंसं निळं इंजिन दोन डबे ओढत निघे आणि भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर कोकण सुरू होई.

काकींचं कमरेचं हाड मोडलं ते पुन्हा नीट जुळलंच नाही. डॉक्टरांनी प्रवास कायमचा बंद केला. दर मे महिन्यात कणकवलीजवळच्या आपल्या गावी जाणारी ही बाई, ते ऐकल्यापासून नुसती छताकडे बघत राहिली. बोलणं कमी झालं, अन्नावरची वासना उडाली. काकांनी तिची समजूत घातली नाही. मुलीला सांगून त्यांनी ती विजेवरची गाडी मागवली आणि खोलीच्या भिंतींना लागून फळ्या ठोकल्या. पलंगाच्या पायथ्याशी दादर, खिडकीखाली कणकवली. गावच्या घराची दोन कौलं आणून त्यांचा बोगदा केला, काकींची जुनी निळी साडी पसरून खाडी केली. गाडीला कोणी खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे.

बँकेतून परतले की मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसे. खिडकीतून येणारा उजेड हळूहळू तांबूस होई, गाडी साडीच्या खाडीवरून सरकू लागे आणि काका हलक्या आवाजात सांगत, "चिपळूण गेला. आता भाताची खाचरा." काकी डोळे मिटून मान हलवत. खरं सांगते, मी जन्मात कणकवली पाहिलेली नाही, पण त्या खोलीत मला ओल्या पाचोळ्याचा वास आलेला आहे.

गाडी मात्र कणकवलीला कधीच पोचत नसे. एक स्टेशन अलीकडे, नांदगावला, काका ती थांबवत. काकी रोज कुरकुरत आणि काका रोज तेच उत्तर देत, "सगळा आजच बघलस तर उद्या काय बघतलस?" मग काकी उद्यासाठी म्हणून चार घास जेवत. त्या घरातलं सगळं गाडं या चार घासांवर चाललं होतं.

आणि दसऱ्याला काकांनीच घोळ केला. उभं आयुष्य गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस. दसऱ्याला साच्यापुढे नारळ फुटल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि यथासांग नारळ फोडला, तोही इंजिनाच्या डोक्यावर धरून! पाण्याची धार सरळ आत गेली. त्या संध्याकाळी गाडी कौलांच्या बोगद्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. काकी बराच वेळ बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे वळल्या. जेवणाचं ताट तसंच परत गेलं.

इंजिनाची वॉरंटी शिल्लक होती. आम्ही दोघं दादरला, त्या कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानात गेलो. वाटेत मी काकांना बजावलं होतं की नारळाचं नाव काढायचं नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, इंजिन कुठे पडलं का, पाणी लागलं का. मी घाईने नाही म्हणाले. काकांनी टोपी काढून हातात घेतली. "पाणी नाही बाई, नारळ फोडला होता. पूजेचा." मुलीने इंजिन उलटं केलं, चाकांत अडकलेलं कुंकू बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. आत पाणी गेलं तर वॉरंटी चालत नाही, तरी इंजिन कंपनीला पाठवून विचारते, असं ती म्हणाली. बाहेर आल्यावर मी काकांवर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "खोटा बोलान इंजिन आणूचा आणि त्याच गाडीत बायकोक बसवूचा?"

कंपनीचं उत्तर येईना. काकी जेवेनात. शेवटी एका संध्याकाळी काकांनी टोपी चढवली, डबे फळीवर ठेवले आणि हाताने ढकलायला सुरुवात केली. तोंडाने शिटी, तोंडानेच खडखडाट. पलंगाला घासून, वाकून, एका हाताने डबे सरकवत आणि दुसरा हात काकींच्या हातात देऊन चालले होते. पहिल्या दिवशी मला ते बघवेना. पण नांदगाव आलं तेव्हा काकींनी पेज मागितली.

दिवाळी होऊन गेल्यावर दुकानातून फोन आला. त्या इंजिनाच्या मोटरमध्ये मुळातच दोष निघाला होता, नारळ बिचारा निर्दोष! कंपनी नवं इंजिन देत होती. फक्त पुढच्या वेळी पूजा खोक्यासकट करावी, अशी विनंती होती. काकांनी ती मानली. नारळ उंबऱ्याबाहेर फोडला. नवं इंजिन झकास पळालं आणि काका पूर्वीसारखे खिडकीपाशी, विजेच्या बटणाजवळ जाऊन बसले.

काकींनी गाडी नांदगावपर्यंत जाऊ दिली. मग म्हणाल्या, "इंजिन बरा आसा. पण तुमी थय लांब बसतास."

काकांनी बटण बंद केलं. मग उठले, एवढ्या खटपटीने मिळवलेलं इंजिन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि डब्यांना हात लावला. त्यानंतर ते इंजिन तिथून कधी खाली आलं नाही. रोज त्यावर फूल मात्र असे.

गेल्या माघात काका झोपेतच गेले. आजारपण नाही, निरोप नाही. मला त्यांचा रागच आला. आधी जायचं ते काकींनी, असं आम्ही सगळ्यांनीच मनात धरलं होतं. तेरावं झाल्यावर संध्याकाळी मी गेले तर त्यांच्या मुलीने दिवा लावला होता आणि काकींच्या कुशीत पिशवी होती. मी टोपीला हात लावला नाही, पण डबे हातात घेतले आणि माझा दुसरा हात त्यांच्या हातात दिला.

चिपळूण गेलं, खाडी गेली, कौलांचा बोगदा गेला. नांदगावला मी सवयीने थांबले. काकींनी माझा हात दाबला.

"आज थांबू नको गो," त्या म्हणाल्या. "हे स्टेशनार इले असतले."