थेलवणच्या राणीचं लेकरू

रेणापूरच्या देविदास गुरुजींनी एक शहर वसवलं. थेलवण. वसवलं ते वहीत. इंग्रजी कादंबऱ्यांत असतात तशी टोकदार कानांची, कधी म्हातारी न होणारी एल्फ माणसं, त्यांचं बंदर, त्यांची जहाजं. गुरुजींनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता; विष्णुपुरीचं धरण पाहिलं, ते दहापट केलं आन् झालं बंदर! निवृत्तीपासून अकरा वर्षं ते हाच इतिहास लिहून राहिले होते. दर रविवारी वाचनालयात नवं प्रकरण वाचलं जायचं आणि गाव कान टवकारून ऐकायचं.

काचबिंदूनं डोळे गेले, तेव्हापासून गुरुजी सांगायचे आणि बायको केवळाबाई लिहायची. वाचायचीही तीच. थेलवणची राणी वांझ होती. हजार वर्षं वांझ. दर प्रकरणात तो शब्द एकदा तरी यायचाच, आणि केवळाबाईला मूल नाही हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? नळावर साखराबाई विचारायची, "काय गं, राणीला दिवस-बिवस गेले का?" बाया फिदीफिदी हसायच्या. मेल्यांच्या जिभेला काही हाड!

एकदा केवळाबाईनं धीर केला. "अवो, राणीला एक लेकरू द्या की. कागदावरच तर द्यायचंय."

"इतिहास हाय तो," गुरुजी म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

आता बोला! शहर खोटं, समुद्र खोटा, कान खोटे. खरी तेवढी बायकोची कूस.

त्या रविवारी केवळाबाईनं वाचता वाचता चार ओळी पदरच्या घातल्या. राणीला मुलगी झाली, बंदरात दिवे लागले, नाव ठेवलं आरती. लग्नाच्या वर्षापासून तिनं ते नाव मनात जपलं होतं. टाळ्या पडल्या. साखराबाईनंसुद्धा डोळ्यांना पदर लावला. गुरुजींनी मान डोलावली. केवळाबाईला वाटलं, पावला देव.

घरी आल्या आल्या गुरुजी म्हणाले, "वही घे. लिही. आरती तीन वर्षांची झाली. धक्क्यावर खेळताना पाय घसरला. बुडाली."

केवळाबाईचा हात थांबला. "ती माणसं मरत न्हाईत म्हणला होता तुमी."

"म्हातारपणानं मरत न्हाईत. बुडून मरतात. लिहिलंस?"

"अवो, पाया पडते तुमच्या."

"वाचून दाखव."

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं.

"रविवारी जरा मोठ्यानं वाच," गुरुजी म्हणाले. "मागच्यांना ऐकू जात न्हाई."

रविवारी तिनं वाचलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.