ह्रुस्का सरांची फळी

ओहायोतल्या आमच्या शाळेत ह्रुस्का सर जन्मभर एकच कादंबरी शिकवत आले. शाळेला आणि सगळ्या ढोंगी जगाला वैतागून पळून गेलेल्या एका पोराची. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवायचो, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "अरे, सगळं सोडून निघून जावंसं कधी वाटत नाही तुम्हाला?"

एकदा टेसा नावाची मुलगी खरंच उठून चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, सर!"

"म्हणालो. पण फळी घेऊन जा."

बाहेर जायच्या परवानगीची ही लाकडी फळी दाराजवळ खिळ्याला टांगलेली असे. ती हातात घेऊनच बाहेर पडायचं आणि पाच मिनिटांत परत यायचं.

परवा त्याच वर्गात सरांचा निरोप समारंभ झाला. जन्मभर त्यांना पाण्यात पाहणाऱ्या मुख्याध्यापकांनी गळा काढून भाषण ठोकलं.

"पुरे झालं हे ढोंग!" म्हणत सर ताडकन उठले आणि दाराकडे निघाले. मी मनात म्हटलं, सुटला बुवा एकदाचा!

दारात सर थांबले आणि त्यांनी खिळ्यावरची फळी काढून घेतली.

पाच मिनिटांत ते परत आले, फळी जागेवर टांगली आणि मुकाट्याने केक कापला.