बहिणीनं आणलेलं बी

बाबा गेले तेव्हा धाकटी बहीण परदेशात होती. ती ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोहोचली तोवर सारं आटोपलं होतं. आईजवळ बसली, तिचा हात धरला, पण रडली नाही. पुढे सुट्टीभरही नाही.

तिकडे ती समुद्रकाठच्या एका थंड गावात एकटीच राहते. येताना तिनं टोमॅटिलोचं बी आणलं होतं. हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ, वर कागदासारखं टरफल. ऐकून आईला चिरबोटी आठवली. पोंभुर्ण्याकडच्या शेतातून बाबा ती रानफळं दुपट्ट्यात बांधून आणायचे. बहीण म्हणाली, तिकडे धुकं फार, झाड नुसतं फुलतं. इथं तरी फळ धरेल.

तिनं मागच्या अंगणात बी टाकलं आणि सुट्टी संपताच परत गेली. पावसात रोपं कुजली, एकच वाचलं. ते कमरेइतकं वाढलं, पिवळ्या फुलांनी भरलं, पण फुलं गळून जायची. फोनवर सांगितलं तेव्हा बहिणीनं चौकशी केली. कळलं, याला जोडीला दुसरं झाड लागतं. तिनंही तिकडे कुंडीत एकच लावलं होतं.

उरलेलं बी आईनं पेरलं. बाबा गेल्यापासून ती स्वयंपाक करायची, पण स्वतः दोन घास खाऊन उठायची. आता सकाळी उठून आधी अंगणात जाऊ लागली. थंडी पडता पडता दुसरं झाड फुललं, मधमाश्या आल्या, आणि टरफलं भरू लागली.

पहिली फळं तिनं भाजली, मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटली. एक घास बाबांच्या नावानं बाजूला काढला आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

संध्याकाळी बहिणीनं फोनवर पुन्हा तेच विचारलं, माझ्याकडे येतेस का? आई एरवी विषय बदलायची. त्या दिवशी म्हणाली, “येतो मी. पण राहाले नाई, तुले पाहाले येतो.”

उन्हाळ्यात ती गेली. दोन स्वेटर घालून बहिणीच्या दारापुढं तिनं दोन रोपं लावली, ऊन लागणाऱ्या भिंतीला टेकून, वरून प्लास्टिक बांधून. फळं आली ती बोराएवढी, तीही मोजकीच. तिनं चटणी वाटली. बहिणीनं पहिला घास घेतला, मग ताट सरकवून विचारलं, “बाबानं माह्यी वाट पाह्यली का?”

आई म्हणाली, “पाह्यली. दाराकडंच पाहत होते.”

तेव्हा ती रडली. आई सांगते, खूप वेळ रडली. आईनं तिला थांबवलं नाही.