काचेची थाळी आणि लाल ट्रॅक्टर

ट्रॅक्टर म्हटलं की आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत जाणारं धूड येतं. म्हणून आधीच सांगते, माझा ट्रॅक्टर माझ्या कमरेएवढा होता. त्यावर बसलं की मोठ्या माणसाने लहान मुलाची तिचाकी पळवल्यासारखं दिसायचं, आणि माझ्यासारखी भरलेली बाई बसली तर ट्रॅक्टर दिसायचाच नाही. अमेरिकेत घरामागे एकरभर गवत असलं की ते कापायला आणि हिवाळ्यात बर्फ लोटायला लोक असे बागेचे ट्रॅक्टर घेतात. माझा होता चाळीस वर्षांचा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. दोन हजार चारच्या वसंतात आम्ही श्रूजबरी नावाच्या गावात घर घेतलं, तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तो सापडला. आधीच्या मालकाला तो न्यावासा वाटला नव्हता.

नवरा म्हणाला, "भंगारवाल्याला फोन करू."

मी म्हटलं, "हात लावून तर बघ."

एवढं खवळायला कारण होतं. भोसरीच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं इंजिनं तपासली होती. छोटी, एका सिलिंडरची, शेतावरच्या पंपांना लागतात तसली. इंजिन टेस्ट बेंचवर चढवायचं, दिवसभर पळवायचं, कान देऊन ऐकायचं आणि कुठे काय बिनसलंय ते शोधायचं. मग नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि मी त्याच्यामागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले. त्या व्हिसावर मला राहता येत होतं, गाडी चालवता येत होती, मंडळाच्या गणपतीला शंभर माणसांची भाजी करता येत होती. फक्त नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकले की वर्क परमिट मिळेल, असं वकील म्हणायचा. कागद सरकत नव्हते, म्हणून मी सोफा सरकवायचे. सोफा झाला की कपाटं. डाळींचे डबे आधी रंगाप्रमाणे लावले, मग उंचीप्रमाणे. एक दिवस दहा वर्षांची लेक शाळेतून आली, आपल्या खोलीच्या दारात थबकली आणि म्हणाली, "आई, प्लीज! नॉट माय बेड अगेन!"

आणि मे महिन्यात भोसरीहून आमच्या जुन्या सरांचा फोन आला. "अहो बाई, टेस्टिंगची जागा रिकामी होतेय. दिवाळीपर्यंत मी धरून ठेवतो. त्यापुढे मालक नाही थांबायचे."

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सांगून टाकलं. "दिवाळीपर्यंत माझं परमिट आलं तर ठीक. नाहीतर मी पोरीला घेऊन पुण्याला जाते. तू बस इथे कागदांची वाट बघत."

"येईल गं."

"कधी?"

"वकील म्हणतोय, एनी डे."

"तो आपण आल्यापासून एनी डेच म्हणतोय."

नवऱ्याने पोळी आमटीत बुडवली. त्याच्या मते विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टर उघडला. इंजिन जाम नव्हतं, हाताने फिरत होतं. पण कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या भागात, जुनं पेट्रोल वाळून गुळाच्या पाकासारखं बसलं होतं. त्यातली पितळेची बारीक भोकं काही केल्या मोकळी होईनात. पितळ म्हटल्यावर बाईमाणसाला जे सुचतं तेच मला सुचलं: चिंच. आणि चिंचेत नुसतं भिजवायला धीर कोणाला? मी कार्ब्युरेटर सुटा केला, कुकरमध्ये चिंचेच्या पाण्यात ठेवला आणि तीन शिट्ट्या लावल्या.

एकही झाली नाही. चिंचेचा चोथा शिट्टीच्या भोकात अडकला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि छतावर तपकिरी नकाशा उमटला. नवरा नेमका तेव्हाच ऑफिसातून आला. नाक वर करून म्हणाला, "वा! आज सार?"

"पेट्रोलचं," मी म्हटलं.

समोरच्या घरात एक निवृत्त दातांचे डॉक्टर एकटेच राहायचे. त्यांच्याकडे असेच जुने सात ट्रॅक्टर होते, सगळे मेण लावून लखलखीत. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा एकेकाकडे बोट दाखवून विचारलं, "हा चालतो?"

"ऑलमोस्ट," ते म्हणाले.

सातही ऑलमोस्ट. त्यांना इंजिनातलं काडीचंही कळत नव्हतं. पण सल्ला अशा आवाजात द्यायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आता दुखणार. मला मात्र ते 'यंग लेडी' म्हणायचे, त्यामुळे त्यांचा सगळा चुकीचा सल्ला मी मन लावून ऐकायचे. कुकरची हकिकत ऐकून ते घरात गेले आणि आपली दात कोरायची हत्यारं घेऊन आले. वाकडी, सुईसारखी. पितळेची भोकं त्या हत्यारांनी तासाभरात मोकळी झाली. डॉक्टर शेजारी उभे राहून म्हणत होते, "हिरडीला लावू नका, हिरडीला लावू नका."

जूनमध्ये एका दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. आधी खोकला, मग धूर, मग धक-धक-धक. आवाज थेट भोसरीचा होता.

त्या उत्साहात मी डॉक्टरांच्या सातांपैकी एक चालू करून दिला. संध्याकाळी ते काचेच्या थाळीत ॲपल पाय घेऊन आले. बायको गेल्यापासून ते स्वतः बेक करायला शिकले होते. नवऱ्याने मोठा तुकडा कापला आणि विचारलं, "हे कशाबद्दल?"

"त्यांचा ट्रॅक्टर चालू केला ना मी."

घास तोंडाशीच थांबला. "म्हणजे हा मोबदला झाला."

"अरे, पाय आहे तो!"

"तुला काम करायची परवानगी नाही. काम केलंस आणि त्याचं काहीतरी घेतलंस. उद्या कोणी विचारलं तर?"

"इमिग्रेशनवाले आपले घास बघायला येणारेत का?"

त्याने खरोखर वकिलाला ईमेल केली. उत्तर आलं, हौस म्हणून दुरुस्ती करायला हरकत नाही, बदल्यात काही घेऊ नये. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. "थाळी धुऊन रिकामी देऊन टाक. विषय संपला."

"रिकामी?" मी म्हटलं. "लोकांचं भांडं? रिकामं?"

इथे कायदा आणि माझी आई यांच्यात सामना झाला आणि आई जिंकली. मी थाळीत चकल्या भरून पाठवल्या. डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांना वाटलं, आता परतफेड आपल्यावर आली. चार दिवसांनी त्याच थाळीतून झुकिनी ब्रेड आला. मग माझ्या करंज्या गेल्या. मग बनाना ब्रेड, मग शंकरपाळे. उन्हाळाभर ती थाळी रस्ता ओलांडत होती. नवरा म्हणायचा, "हा तर सरळसरळ व्यापार झाला," आणि ब्रेडचा दुसरा तुकडा घ्यायचा.

मी संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून सफरचंदाच्या झाडाभोवती फेऱ्या मारायचे. दोन-चार फेऱ्या झाल्या की उतरायचे आणि टपाल बघायचे. परमिट नव्हतं. पुन्हा दोन फेऱ्या.

पानं लाल झाली, गळायला लागली. दिवाळी आली तरी कागद जागचे हलले नव्हते. मी दिवाळीनंतरच्या शनिवारची दोन तिकिटं काढली. नवऱ्याने फक्त बॅगांचं वजन करायचा काटा शोधून दिला, आणि मला त्याचाच राग आला.

ट्रॅक्टर डॉक्टरांना द्यायचं ठरवलं. मुलगी सासरी पाठवताना नटवतात तसा मी तो नटवला. चेपलेला पत्रा सरळ केला, गंज घासला आणि सगळ्यावर लाल रंगाचे दोन जाड हात दिले. पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा सोडलं नाही. थाळी तेव्हा माझ्याकडे होती. तिच्यात किल्ली ठेवली, भोवती बेसनाचे लाडू रचले आणि ट्रॅक्टरसकट देऊन आले. डॉक्टरांनी किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. लाडवांना त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी थाळी परत आली. त्यात किल्ली होती.

"वीसेक मिनिटं चालतो आणि मरतो," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे न चालणारे सहा आहेत, यंग लेडी. सातवा नको."

मी ट्रॅक्टर घरी आणला. खरंच मरत होता. मी स्पार्क प्लग बदलला. झाकण उघडून पेट्रोल आहे का बघितलं, झाकण लावलं, सुरू केला, चालला. वाटलं, प्लगच होता. वीस मिनिटांनी पुन्हा मेला. प्लगला वीज पोचवणारे पॉइंट्स घासले, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, सुरू केला, चालला. वाटलं, पॉइंट्सच होते. पुन्हा मेला. एकीकडे बॅगा उघड्या पडल्या होत्या, अर्धा फराळ व्हायचा होता आणि मी शेडमध्ये. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सरांचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. लेकीने रिसीव्हर माझ्या कानाला धरला.

"येताय ना बाई?"

"निघतेच आहे सर. फक्त एक बिघाड सापडत नाहीये."

सर हसले. "मग सापडला की फोन करा. तो तसाच टाकून आलात तर इथे तुमचं लक्ष नाही लागायचं."

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ट्रॅक्टर पुन्हा मेला. डॉक्टर बघायला आले होते. वैतागून मी झाकण फिरवलं, आणि पहिल्यांदाच ऐकलं. स्स्स. बारीक, कुकरचं झाकण जरा लवकर उघडावं तसं.

मी झाकण उलटं केलं. त्याच्या मधोमध हवा आत जायला सुईएवढं भोक असतं. माझ्या दोन जाड हातांनी ते बुजवलं होतं. टाकीला श्वास मिळत नव्हता, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं; मी पेट्रोल बघायला झाकण उघडायचे तेव्हा हवा जायची आणि शहाणपणाचं श्रेय प्लगला मिळायचं. मे महिन्यात चिंच, नोव्हेंबरात रंग. एकाच बाईने एकाच वर्षात दोन भोकं बुजवली.

"टोकदार काहीतरी द्या," मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांचा हात कोटाच्या खिशात आधीच गेला होता.

ट्रॅक्टर वीस मिनिटं चालला. अर्धा तास. आवाज ऐकून नवरा बाहेर आला. लाल ट्रॅक्टरकडे बघत उभा राहिला.

"सापडला?"

"सापडला."

"म्हणजे आता तू जाणार."

मी म्हटलं, "सरांना फोन करून येते. इंजिन बंद करू नकोस, किती वेळ टिकतं ते बघायचंय. वर नुसता बसून राहा."

स्वयंपाकघरातून फोन लावला. भारतात मध्यरात्र होत आली होती, पण सर जागे होते. त्यांचा पहिला प्रश्न, "काय निघालं?" मी सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "चला, छान झालं. मग मालकांना कळवू ना, येताय म्हणून?"

मी तोंड उघडलं आणि खिडकीबाहेर नवरा डावीकडून उजवीकडे गेला. ट्रॅक्टरवर. दोन्ही पाय वर उचललेले, स्टिअरिंगला मिठी मारलेली. नुसतं बसून राहायला सांगितलेल्या माणसाने कुठला तरी दांडा ओढला होता. झाडाला वळसा घालून तो पुन्हा आला. मागून लेक धावत होती, "बाबा, द क्लच! द क्लच!" डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या आवाजात उलटाच सल्ला देत असावेत, कारण प्रत्येक फेरीला ट्रॅक्टरचा वेग वाढत होता. तिसऱ्या फेरीला नवऱ्याने खिडकीकडे बघून जिवाच्या आकांताने हाक मारली, "अगं! थांबवायचं कसं हे?"

"सर, मी नंतर फोन करते," म्हणून मी मोज्यांवरच धावले. शेजारून पळत क्लचवर हात दाबला. ट्रॅक्टर सफरचंदाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर थांबला. नवरा उतरला, गवतातच बसला.

"तू गेलीस तर हे कोण थांबवणार?" तो म्हणाला.

ट्रॅक्टरबद्दलच बोलत होता, बहुधा. आल्यापासून त्याने मला 'येईल गं'शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मला नक्की कळायला मार्ग नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. मोजे ओले झाले होते. इंजिन चालूच होतं आणि आमच्या दोघांपैकी ते बंद करायला कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना नाही म्हणून सांगितलं.

"मालकांना कारण काय सांगू?"

"सांगा, नवऱ्याला क्लच सापडत नाही."

परमिट त्यानंतर तीन वर्षांनी आलं. त्या अवधीत सोफा किती फिरला ते विचारू नका, आणि भोसरीला गेले असते तर, हा प्रश्नही विचारू नका. तो मी स्वतःला पुरेसा विचारते. आता मी एका पंप कंपनीत जाते. इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, हात स्वच्छ राहतात, आणि दुपारी तीन वाजले की खुर्चीत चुळबुळ सुरू होते. शनिवारी ट्रॅक्टर बाहेर काढते. डॉक्टरांचे तीन चालू झालेत, चार अजून ऑलमोस्ट आहेत.

थाळी सध्या आमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तिच्यातून बनाना ब्रेड आला, संपला, आणि ऑफिसमुळे मला काही करायला वेळ झालेला नाही. नवरा म्हणतो, आता तुझ्याकडे परमिट आहे, आता रिकामी दिलीस तरी चालेल. परमिटचा काय संबंध? ती तिथे ओट्यावर पालथी पडलेली दिसते आणि मला एका जागी बसवत नाही.