हजार दिवस आणि एक बूट

पाय दुखावला की माणूस एका जागी बसतो आणि किस्से त्याच्याकडे चालत येतात. मित्र जमले की मी नुसतं "त्या बुटात असताना" एवढंच म्हणतो, लगेच कुणीतरी चहा मागवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भोपाळला गोविंदपुऱ्यात आमचा ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणारा छोटा कारखाना आहे आणि मी तिथला सेफ्टी ऑफिसर. फाटकाच्या आत एक फळा लावलाय, 'बिना दुर्घटना के दिन'. आकडा हजारावर पोचला की सेठजी सगळ्यांना बायकामुलांसकट दाल-बाफल्यांचं जेवण घालणार, असं ठरलेलं. मागच्या खेपेला नऊशे बारा झाले होते आणि फोरमन शकीलभाई पायरीवरून घसरले. साधं खरचटलंही नाही. पण फाटकाच्या आत पडणं म्हणजे दुर्घटना, लागो वा न लागो, हा नियम माझाच. मी स्वतः जाऊन शून्य लिहिलं. पुढचा आठवडाभर चहावाला सोडून माझ्याशी कुणी बोललं नाही.

यंदा नऊशे चौसष्टावर मी माझा पाय मोडून घेतला. कारखान्याबाहेर, एवढंच नशीब.

* * *

पन्नाशीत मला धावायचा झटका आला. तिसऱ्या आठवड्यात तलावाकाठच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. शेवटच्या वळणावर फोटोवाला दिसला म्हणून जोर लावला आणि पावलात काहीतरी कट्ट झालं. फोटो मात्र छान आलाय.

डॉक्टरांनी विचारलं, "कब से दौड़ रहे हैं?"

"तीन हफ्ते से."

"उससे पहले?"

"बैठा था."

"तो छह हफ्ते फिर बैठिए," ते म्हणाले. हाडाला बारीक चीर होती. उठलोच तर घालायला त्यांनी गुडघ्यापर्यंतचा एक करडा बूट दिला. जाड तळवा आणि वेल्क्रोच्या पाच पट्ट्या.

* * *

घरी पोचलो तर बायको दारात उभी. "अहो, चपला बाहेर."

"ही चप्पल नाही, उपचार आहे."

"मग उपचार पुसून आत या."

दोन दिवसांनी शेजारच्या जोगळेकर काकूंकडे सत्यनारायण होता. काकूंनी बूट खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "चामड्याचा आहे का हो?"

"नाही, प्लॅस्टिकचा."

"मग प्रसादाला या. पूजेला नको."

* * *

कारखान्यात पहिल्याच दिवशी वॉचमन रामसजीवनने मला मशीन शॉपच्या पिवळ्या पट्ट्यापाशी अडवलं. दोन्ही पायांत सेफ्टी शूज असल्याशिवाय पट्ट्याच्या आत प्रवेश नाही. तिथल्या नोटिशीवर खाली माझीच सही.

"अरे, एक पैर में तो पहना है."

तो विचारात पडला. "साब, तो एक पैर अंदर रख लीजिए."

छत्तीस दिवस मी पट्ट्याबाहेर स्टुलावर बसून ओरडून सेफ्टी शिकवली. मशिनींच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नसे. अपघात मात्र एकही झाला नाही, याची मी तेव्हा फार चिकित्सा केली नाही.

* * *

उन्हाळ्यात त्या बुटात पाय असा काही खाजतो की बोलायची सोय नाही. बसलो की पट्ट्या सोडायची मला सवयच लागली. सेठजींच्या काकांच्या शोकसभेत दोन मिनिटांचं मौन होतं. मला पायामुळे खुर्चीवर बसायची सवलत मिळाली होती. अर्ध्या मिनिटातच हात नकळत खाली गेला. चर्रर्र! सगळ्यांनी डोळे उघडले. काहीतरी करावं म्हणून मी पट्टी परत लावली आणि मग पुन्हा सोडली.

* * *

याच दिवसांत एक गोष्ट मनाला फार लागली, चांगल्या अर्थाने. मी रिक्षातून उतरलो की शकीलभाई फाटकाशी हजर. "आओ खां साब, हाथ दो." भोपाळात करंदीकरचाही खां होतो. जिन्यावर एक माणूस पुढे, एक मागे. बाथरूमच्या दाराशीसुद्धा कुणीतरी उभा. ज्या माणसाचे नऊशे बारा दिवस मी पुसले, तोच मला असा जपतोय! घरी आल्याआल्या मी हे सगळं सांगून टाकलं.

बायको भाजी निवडत होती. "फळ्यावर किती झालेत?" तिने विचारलं.

"नऊशे ब्याऐंशी."

"मग जपतीलच."

* * *

हजाराव्या दिवशी कारखान्याच्या अंगणात बाफले भाजायला सकाळीच गोवऱ्या पेटल्या. पोरंबाळं नवे कपडे घालून आली होती. कुणीतरी उत्साहाने फाटकाची वाट धुऊन काढली होती. रिक्षात बसल्याबसल्या मी पट्ट्या सोडल्या होत्या, त्या लावायला विसरलो आणि तसाच आत आलो. रामसजीवन फळ्यापुढे खडू घेऊन स्टुलावर चढला होता. त्याच्याकडे बघत एक पाऊल टाकलं आणि सपशेल आपटलो. फाटकाच्या दोन हात आत.

रामसजीवनचा खडू तसाच हवेत.

शकीलभाई एका फिटरला घेऊन मागून धावत आले. दोघांनी मला काखेत धरलं. मला वाटलं, उभं करतायत. त्यांनी मला तसंच फरफटत फाटकाबाहेर नेलं आणि रस्त्यावर नीट बसवलं. मग शकीलभाईंनी वाकून विचारलं, "साब, लगी तो नहीं?"

पायातून कळ गेली म्हणून खाली पाहिलं, तर पायात नुसता मोजा. बूट सरकत्या फाटकाच्या रुळात अडकून आतच राहिला होता.

तेवढ्यात सेठजींची गाडी आली. ते उतरले. रस्त्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आतल्या बुटाकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या रामसजीवनकडे.

"करंदीकरजी, लोग जूते बाहर उतारकर अंदर जाते हैं. आप अंदर उतारकर बाहर बैठे हैं?"

आतून सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. शकीलभाई बघत नव्हते. ते रस्त्यापलीकडचं झाड बघत होते.

मी म्हटलं, "जी. हम मराठी लोगों में ऐसा ही है."