हिवाळ्यातलं सेटिंग

मंडळी, आज जीव भांड्यात पडला.

डिसेंबरात मी ग्राफिक्स कार्डाचा मूळ कूलर काढून मोठा बसवला. त्यात स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटलं. मग कार्डाच्या मेमरीचा वेगही वाढवला. मस्त चालत होतं.

आज सकाळी स्क्रीनभर रंगीत ठिपके. वाटलं, कार्ड गेलं, आणि वॉरंटी तर मीच फाडलेली.

सीपीयू उचलून धुळ्यातल्या दुकानात नेला. तिथल्या नानांना स्टिकरचं आधीच सांगून टाकलं. त्यांनी मेमरीचा वेग मूळ आकड्यावर आणला आणि ठिपके गेले.

"कार्ड बरं शे भाऊ. हिवाळानं सेटिंग मे महिनामा कसं चाली?"

वेग ठरवताना माझ्या अंगात स्वेटर होता, हे तेव्हा आठवलं. तुमचं सेटिंग कोणत्या महिन्यातलं आहे?