दादाने जपलेली भांडणं

सागरचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या एसटी स्टँडवर निमगाव केतकीच्या गाडीची वाट बघत उभी होते. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि त्याच्यासाठी पिशवीत मुगाचे लाडू घेतले होते. सागर त्याचा मुलगा. "आत्या, कुठं हायस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "स्टँडवर. निघालेच." तर म्हणाला, "ये… पण सावकाश ये." सावकाश ये म्हटल्यावर मला सगळं कळलं. गाडीत बसल्यावर कंडक्टरने कुठं जायचंय विचारलं आणि मला माझ्या माहेरच्या गावाचं नाव पटकन सांगता येईना.

दादाची डाळिंबाची बाग होती, आणि सगळा भाग त्याला आबा म्हणायचा तो मात्र बागेमुळे नाही. बागांवर तेल्या, म्हणजे फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, आला त्या काळात शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. दादा त्यावर वैतागायचा. "सकाळी इचारल्यालं संध्याकाळी सापडत न्हाय. सगळं वर सरकतंय आन् हरवतंय." मग त्याने बारामतीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून वेबसाइट करून घेतली. नाव ठेवलं 'बाग आणि बांध'. कुणीही प्रश्न टाकावा, कुणीही उत्तर द्यावं. एका बोटाने टाइप करणारा माझा भाऊ तिथला कारभारी झाला, आणि वहिनी म्हणायची, "माझ्यापरीस त्या डबड्याशी जास्त बोलत्यात."

तिथं काय रण माजायचं! लोणी भापकरच्या एका गड्याने तेल्यावर आंबट ताक फवारायला सांगितलं, तर त्यावर आख्खा हंगाम वाद चालला. कुणी त्याला देव केलं, कुणी त्याची अक्कल काढली. मी पडले मराठीची मास्तरीण. मी दादाला म्हटलं, "अरे, ही घाण काढून टाक, चांगलं तेवढं ठेव." तो हसला. "शिवी काढीन, भांडान न्हाय काढायचा. ताकानं बाग गेली ज्याची, त्यानंबी लिवलंय तितं. ते काढलं तर पुढचा पुन्यांदा ताकच मारंल की." चुकलेला सल्ला तो कधीच पुसायचा नाही, त्याच्याखाली पुढे काय घडलं ते जोडायचा. आमच्या भागातले लोक एकमेकांशी कसे बोलत होते, कशाला घाबरत होते, कुणाच्या मदतीला धावत होते, ते सगळं तिथं वर्षानुवर्षं साठत गेलं. पुस्तकात असलं काही मी तरी वाचलेलं नाही.

त्याचा खर्च दादा एकटा करायचा. साइटचे पैसे भरायची वेळ दिवाळीच्या सुमाराला यायची, आणि दादाचा नवा सदरा त्या वर्षापुरता राहून जायचा. एकदा औषधांच्या एका कंपनीचे लोक गाडी घेऊन आले. सगळा खर्च आम्ही करतो म्हणाले, फक्त आमच्या औषधाबद्दलची ती एक चर्चा तेवढी काढा. दादाने त्यांना चहा पाजला, बागेतली डाळिंबं दिली आणि रस्त्यापर्यंत सोडून आला. वर्गणी काढू म्हणणाऱ्यांनाही त्याने उडवून लावलं. "वर्गणी आली की अध्यक्ष आला. अध्यक्ष आला की हार आला. मंग बागंचं कोन बोलंल?" शेवटी मीच एका ग्रंथालयात जाऊन विचारलं. तिथले गृहस्थ भले होते, पण म्हणाले, "मॅडम, छापून आणा, आम्ही ठेवून घेऊ." हजारो माणसांचं बोलणं मी कुठून छापून आणणार होते? जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सांभाळायला आपल्याकडे कपाटं आहेत, माणसं आहेत, अनुदान आहे. आणि गावोगावची माणसं उघड्यावर जे बोलली, ते सांभाळायला एक आजारी शेतकरी! बोलले सगळे, मग जपायचं एकट्याने का, हा प्रश्न मला तेव्हाही छळायचा. आता तर तो झोपू देत नाही.

दादा दवाखान्यात असतानाच साइटची मुदत संपली होती. साइटला जागा देणाऱ्या कंपनीने वाढवून दिलेली शेवटची तारीख नेमकी सुतकात आली. दहाव्याला घाटावरून परतल्यावर मी म्हटलं, "ते पैसे मी आजच भरते." आमचे चुलते तात्या म्हणाले, "सुतकात कसला यवहार करतीस बाय? तेरावा होऊ दे. दोन-तीन दिसांनी काय बिगाडतंय?" सागर रडवेला होऊन म्हणाला, "आत्या, वडलांचं तू भरायचं? लोक आमाला काय म्हनतील? तेराव्यानंतर मीच भरतो." सांगोल्याकडून, जतकडून साइटवरची माणसं आली होती. त्यांनाही वाटलं, हा घरच्यांचा मान, आपण मध्ये कसं पडायचं. सगळे एकमेकांचा मान राखत बसले. तेराव्याला दादाच्या नावाने देवळाला फरशी जाहीर झाली, शाळेला पंखे जाहीर झाले. आबांचं कार्य कधी पुसलं जाणार नाही, असं भाषणात सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सागर पैसे भरायला बसला तर पान उघडेना. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, मुदतीनंतर सगळं पुसून टाकलं आहे, परत मिळणार नाही. सागर लहान मुलासारखा ओरडून रडला. बापाला अग्नी देतानाही तो इतका रडला नव्हता… मला कुणावर रागावता येत नाही, आणि राग काही जात नाही.

गेल्या रविवारी निमगावला गेले होते. दादाचा फोन वहिनी अजून चार्जिंगला लावून ठेवते. आम्ही शेंगा फोडत बसलो होतो आणि तो वाजला. वहिनीने उचलला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. "आबा हायत का? त्यांनी सांगितल्यापरमानं छाटनी केली, बहार उशिरा धरला. काय हुतंय ते कळवा म्हनलं हुतं, बाकीच्यांच्या कामाला येतंय म्हनलं." मला वाटलं, वहिनी आता सांगेल. तिने नाही सांगितलं. पदराने डोळे दाबत म्हणाली, "बाहेर गेल्यात. मला सांगा की, काय झालं?" त्या माणसाने सगळं सांगितलं, कधी पाणी दिलं, कधी फवारलं, पहिला डाग कुठल्या झाडावर दिसला, किती बाग वाचली. वहिनी मन लावून ऐकत होती, मधेमधे "व्हय… व्हय" म्हणत होती. फोन तिने परत चार्जिंगला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, हे आता कुठं ठेवायचं?"